हिशोब आणि अधिकार : ब्रिटनच्या युरोपीय संघत्यागाचा सार्वजनिक वाद

१. विषयाची मांडणी

युनायटेड किंग्डमने युरोपीय संघाचे सभासद राहावे की संघातून बाहेर पडावे, हा एकच प्रश्न २३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांपुढे ठेवण्यात आला होता. ७२.२ टक्के मतदारांनी मतदान केले; त्यांपैकी ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने आणि ४८.१ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. दोहोंतील अंतर सुमारे १२ लाख ७० हजार मतांचे होते. हा कौल अमलात येऊन ब्रिटन प्रत्यक्ष बाहेर पडण्यास मात्र ३१ जानेवारी २०२० हा दिवस उजाडावा लागला. मधल्या काळात दोन पंतप्रधान पायउतार झाले, दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि सरकारच्या अधिकाराच्या मर्यादा ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला दोनदा निर्णय द्यावा लागला. एका ओळीच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर इतके अवघड का ठरले, याचा शोध घेणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रातील व्याख्यानमालांनी लोकशिक्षण हे आपले कर्तव्य मानले आहे. सार्वजनिक प्रश्नावर लोकांनी मत बनवावे, पण ते माहितीच्या आणि युक्तिवादाच्या आधारे बनवावे, ही त्यामागची श्रद्धा होय. त्या श्रद्धेची आधुनिक काळातील सर्वांत कठोर परीक्षा ब्रिटनच्या सार्वमतात झाली, म्हणून या विषयाकडे परक्या देशाचे राजकारण एवढ्याच दृष्टीने पाहणे पुरेसे नाही.

येथे प्रतिपादन करावयाचा मुद्दा असा की, ब्रिटनमधील वादाचे अपयश लोक अडाणी होते किंवा नेते खोटे बोलले एवढ्यावरून उलगडत नाही. एक पक्ष हिशोब मांडत होता आणि दुसरा अधिकार सांगत होता; हिशोबाने अधिकाराच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही आणि अधिकाराने हिशोबाला दिले नाही. त्यामुळे बाहेर पडल्यावर आपल्या जीवनाचे निर्णय नेमके कोठे आणि कोणाकडून होणार, हा ज्या प्रश्नात दोन्ही बाजूंची गाठ पडली असती, तो प्रश्न मतदानापूर्वी कोणीच नीट मांडला नाही.

२. संघाचे स्वरूप आणि ब्रिटनचा उशिरा झालेला प्रवेश

युरोपीय संघ हा साधा व्यापारी करार नव्हे आणि पूर्ण अर्थाने संघराज्यही नव्हे. त्याचे स्वरूप समजण्यासाठी दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. सीमाशुल्क संघ म्हणजे सभासद देशांनी आपसांतील मालावर जकात घ्यायची नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांनी एकाच दराने जकात घ्यायची, अशी व्यवस्था. तिचा अपरिहार्य परिणाम असा की, कोणताही सभासद देश बाहेरच्या देशाशी जकातीचा स्वतंत्र करार करू शकत नाही. एकल बाजारपेठ ही त्याच्या पुढची पायरी होय. तीत माल, सेवा, भांडवल आणि माणसे यांना सर्व सभासद देशांत मुक्त संचार असतो, आणि तो शक्य व्हावा म्हणून औषधापासून खेळण्यापर्यंतच्या वस्तूंचे नियम समान असावे लागतात. नियम समान ठेवायचे तर ते करणारी संस्था आणि त्यांचा अर्थ लावणारे न्यायालयही समान असावे लागते. अशा रीतीने व्यापाराच्या सोयीसाठी सुरू झालेली व्यवस्था कायदा, न्याय आणि राजसत्ता यांच्या प्रांतात आपोआप शिरते.

फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे केलेल्या करारातून युरोपीय आर्थिक समुदाय, म्हणजे आजच्या संघाचे मूळ रूप, उभा राहिला. दोन महायुद्धांत उद्ध्वस्त झालेल्या या देशांना राष्ट्राचे अधिकार एकत्र बांधणे हा शांततेचा मार्ग वाटत होता. ब्रिटनचा अनुभव वेगळा होता. त्या देशावर शत्रूचा अंमल बसला नव्हता, त्याची संसद खंडित झाली नव्हती, आणि साम्राज्य ओसरत असले तरी राष्ट्रकुलाशी त्याचे व्यापारी संबंध टिकून होते. त्यामुळे आरंभी ब्रिटन बाहेर राहिला. १९६१ मध्ये मॅकमिलन यांच्या सरकारने प्रवेशासाठी अर्ज केला, तो फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ मध्ये नाकारला, दुसरा अर्ज १९६७ मध्ये नाकारला, आणि अखेर एडवर्ड हीथ यांच्या हुजूर सरकारच्या काळात, १ जानेवारी १९७३ रोजी, आयर्लंड आणि डेन्मार्क यांच्यासह ब्रिटन सभासद झाला. सहा संस्थापक देशांना जी व्यवस्था शांततेची हमी वाटत होती, ती ब्रिटनमधील पुष्कळांना आर्थिक सोय वाटत होती. आणि सोयीसाठी घेतलेला निर्णय सोयीच्या हिशोबावरच तोलला जातो.

३. पक्षांची अदलाबदल

सभासदत्वानंतर अडीच वर्षांच्या आत, ५ जून १९७५ रोजी, हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर सरकारने पहिले सार्वमत घेतले. सार्वमत म्हणजे एखाद्या प्रश्नावर प्रतिनिधींच्या मार्फत नव्हे, तर थेट मतदारांकडून निर्णय किंवा सल्ला घेण्याची पद्धत. संपूर्ण देशात ती तेव्हा प्रथमच वापरली गेली, कारण मजूर पक्ष या प्रश्नावर दुभंगला होता आणि मंत्र्यांना परस्परविरोधी प्रचार करण्याची मुभा द्यावी लागली होती. त्या वेळी ६७.२ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर राहण्याच्या बाजूने होत्या, तर मजूर पक्षातील डाव्या गटाचे टोनी बेन विरोधात होते. युरोपीय समुदाय हा भांडवलदारांचा क्लब आहे, असे त्या गटाचे म्हणणे होते. १९८३ च्या निवडणुकीत तर मजूर पक्षाने बाहेर पडण्याचे आश्वासनच आपल्या जाहीरनाम्यात दिले होते.

पुढच्या दशकात बाजू उलटल्या. सप्टेंबर १९८८ मध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक देलोर यांनी ब्रिटिश कामगार संघटनांच्या परिषदेत कामगारांच्या हक्कांना युरोपीय पातळीवर संरक्षण देण्याची भूमिका मांडली, आणि त्याच महिन्यात थॅचर यांनी बेल्जियममधील ब्रूज येथे केलेल्या भाषणात युरोपीय पातळीवर वाढणाऱ्या सत्तेला विरोध नोंदवला. ज्यांना ब्रिटनच्या सरकारकडून काही मिळण्याची आशा उरली नव्हती ते युरोपकडे पाहू लागले, आणि ज्यांनी लंडनमध्ये सत्ता मिळवून राज्याचा आवाका कमी केला होता त्यांना ब्रुसेल्समध्ये ठरणारे युरोपीय नियम खुपू लागले. या अदलाबदलीचा अर्थ असा की, युरोपविषयीची भूमिका कोणत्याही एका विचारसरणीशी कायमची जोडलेली नव्हती. आपल्या इच्छेचे राज्य कोणत्या पातळीवर मिळू शकेल, या अंदाजानुसार ती बदलत होती.

२००४ मध्ये पूर्व आणि मध्य युरोपातील आठ देशांसह दहा नवे देश संघात आले. बहुतेक जुन्या सभासदांनी नव्या देशांतील कामगारांवर काही वर्षे निर्बंध ठेवले. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी मात्र आपले श्रमबाजार लगेच खुले केले. ब्रिटिश सरकारसाठी आधी झालेल्या एका अभ्यासात दरवर्षी ५ ते १३ हजार माणसांची निव्वळ भर पडेल असा अंदाज होता. तो फार मोठ्या फरकाने चुकला. इंग्लंड आणि वेल्स येथे राहणाऱ्या पोलंडमध्ये जन्मलेल्या लोकांची संख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५८ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे ५ लाख ७९ हजार झाली. हे लोक कष्टाळू होते आणि कर भरत होते, हे खरे. पण आपल्या गावाची रचना बदलणारा निर्णय कोणी, केव्हा आणि आपल्याला न विचारता कसा घेतला, हा गावकऱ्यांचा प्रश्नही खरा होता. त्यावर सरकारने २०१० नंतर निव्वळ स्थलांतर एक लाखाच्या आत आणण्याचे आश्वासन दिले, जे संघात राहून पाळता येण्याजोगे नव्हते. सार्वमताच्या महिनाभर आधी जाहीर झालेला २०१५ सालचा आकडा ३ लाख ३३ हजार होता.

४. प्रचारातील दोन आकडे

२०१३ च्या जानेवारीत पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी सार्वमताचे आश्वासन दिले, २०१५ च्या निवडणुकीत त्यांना बहुमत मिळाले आणि आश्वासन पाळणे भाग पडले. त्यानंतरच्या प्रचाराचे स्वरूप त्यात गाजलेल्या दोन आकड्यांवरून चांगले कळते.

पहिला आकडा बाहेर पडण्याच्या बाजूचा. ब्रिटन दर आठवड्याला ३५ कोटी पौंड संघाला पाठवतो आणि ते पैसे राष्ट्रीय आरोग्य सेवेला द्यावेत, असा मजकूर लाल रंगाच्या बसवर लिहून ती देशभर फिरवण्यात आली. ही रक्कम सवलत वजा करण्यापूर्वीची होती. थॅचर यांनी १९८४ मध्ये मिळवलेली सवलत आधीच वळती होत असल्याने तेवढे पैसे ब्रिटनबाहेर जातच नसत. उरलेल्यांपैकी मोठा भाग शेतीचे अनुदान, विद्यापीठांतील संशोधन आणि मागास विभागांचा विकास यांसाठी परत येत असे. शासकीय सांख्यिकीवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे मतदानापूर्वीच जाहीर केले. तरीही त्याचा प्रभाव कमी झाला नाही, कारण तो खोडून काढताना प्रत्येक वेळी पैसे ब्रुसेल्सला जातात हे मान्य करूनच किती जातात यावर वाद घालावा लागे.

दुसरा आकडा राहण्याच्या बाजूचा. बाहेर पडल्यास २०३० पर्यंत प्रत्येक कुटुंब दरसाल ४,३०० पौंडांनी गरीब होईल, असे अर्थखात्याने एप्रिल २०१६ मध्ये सांगितले. खात्याच्या विश्लेषणाचा मूळ निष्कर्ष असा होता की, देशाचे एकूण उत्पादन संघात राहिल्यास जेवढे झाले असते त्यापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असेल. त्या अंदाजित तुटीला कुटुंबांच्या संख्येने भागून हा आकडा काढलेला होता. राष्ट्रीय उत्पादन आणि कुटुंबाचे उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाढीचा वेग मंदावणे म्हणजे आज हाती असलेल्या पैशांत घट होणे नव्हे. गेली अनेक वर्षे ज्यांच्या घरी राष्ट्रीय उत्पादनाच्या वाढीतून काहीच आले नव्हते, त्यांना ती वाढ थोडी कमी होण्याची भीती कशी वाटावी, याचा विचार हा आकडा तयार करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा अधिक दोषास्पद होता, हे नि:संदिग्धपणे सांगितले पाहिजे; पहिला वस्तुस्थितीचा विपर्यास होता, तर दुसरा तर्कशुद्ध अंदाजाची बेजबाबदार मांडणी होती. परंतु दोन्ही बाजूंनी मतदाराकडे समंजस नागरिक म्हणून न पाहता पैशाच्या लोभाने किंवा भीतीने हलणारा माणूस म्हणून पाहिले, हा त्यांच्यातील समान दोष होय. फरक एवढाच की, बाहेर पडण्याच्या बाजूजवळ आकड्याखेरीज आणखी एक गोष्ट होती : ‘टेक बॅक कंट्रोल’, म्हणजे सूत्रे पुन्हा आपल्या हाती घ्या, ही घोषणा. ती लोकशाहीच्या सर्वांत जुन्या आकांक्षेला आवाहन करत होती. राहण्याच्या बाजूने तिला किंमतपत्रिकेने उत्तर दिले. सत्ता वाटून घेतल्याने ती कधी कधी वाढते, एकट्या देशाला जे प्रदूषण, जी बलाढ्य कंपनी किंवा जो व्यापारी दबाव आवरत नाही तो अठ्ठावीस देशांना आवरता येतो, हा अधिकाराच्या भाषेतला युक्तिवाद उपलब्ध होता. तो क्वचितच केला गेला.

५. सूत्रे कोणाच्या हाती होती?

अधिकार गमावल्याची भावना खरी होती, पण तो कोठे गेला याचे निदान अपुरे होते, हे वेल्समधील पोर्ट टॅलबट या पोलादनगरीच्या उदाहरणावरून दिसते. तेथील कारखाना टाटा स्टील या मुंबईस्थित कंपनीच्या मालकीचा आहे. चीनमधून येणाऱ्या स्वस्त पोलादामुळे तोटा वाढत गेल्यावर मार्च २०१६ च्या अखेरीस कंपनीच्या संचालक मंडळाची मुंबईत बैठक झाली आणि ब्रिटनमधील व्यवसाय विकण्यासह सर्व पर्याय तपासण्याचे ठरले. त्या बैठकीच्या सुमारास कामगार संघटनेचे प्रतिनिधी आणि स्थानिक खासदार आपली बाजू मांडण्यासाठी वेल्सहून मुंबईला आले होते. स्वस्त पोलादावर संघाने अधिक कडक जकात बसवावी अशी मागणी त्या काळी होत होती, आणि तिला मोकळी वाट करून देणारा नियमबदल रोखण्यात लंडनमधील सरकारच पुढे होते. म्हणजे पोर्ट टॅलबटच्या कामगाराच्या भवितव्यावर बीजिंग, मुंबई, लंडन आणि ब्रुसेल्स या चारही शहरांचा ताबा होता, पण मतपत्रिकेवर त्यांपैकी एकाचेच नियंत्रण नाकारण्याची सोय होती. तीन महिन्यांनी या विभागातील सुमारे ५७ टक्के मतदारांनी ती सोय वापरली. पश्चिम वेल्स हा संघाकडून विकासनिधी मिळणारा भाग होता, यावरून या मतदारांना कृतघ्न किंवा अज्ञानी ठरवण्याची घाई तेव्हा अनेकांनी केली. निधीतून बांधलेल्या रस्त्याने आणि केंद्राने गावाला सुविधा मिळते, परंतु आपल्या शब्दाला वजन आहे ही जाणीव त्यातून मिळत नाही, हे या टीकाकारांच्या लक्षात आले नाही.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या बॉस्टन या भाजीपाल्याच्या शेतीवर जगणाऱ्या तालुक्यात ७५.६ टक्के लोकांनी बाहेर पडण्याला मत दिले, जे देशातील सर्वाधिक प्रमाण होते. शेतातील आणि पॅकिंगच्या कारखान्यांतील कामासाठी पूर्व युरोपातील मजूर तेथे मोठ्या संख्येने आले होते. सन्डरलँडमध्ये निसान कंपनीचा कारखाना १९८६ पासून युरोपच्या बाजारपेठेसाठी मोटारी बनवत होता, तरीही तेथे ६१ टक्क्यांहून अधिक मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. उलट लंडनमध्ये सुमारे ६० टक्के, स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के मतदारांना संघात राहायचे होते. एकूण बेरजेने राष्ट्राचे एक मत तयार झाले, पण त्या बेरजेखाली चार घटकराष्ट्रांचे दोन विरुद्ध निर्णय दडलेले होते.

६. मत देण्याचा हक्क आणि गोव्याची माणसे

सार्वमतात लोक म्हणजे कोण, हे ठरवण्याचा निकषही तपासण्याजोगा आहे. ब्रिटनच्या संसदीय निवडणुकीच्या नियमानुसार तेथे राहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या नागरिकांना मताचा हक्क होता, पण संघातील बहुतेक देशांच्या नागरिकांना नव्हता. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस एवढेच अपवाद होते. त्यामुळे नोकरीच्या व्हिसावर काही महिन्यांपूर्वी आलेला, भारतीय पासपोर्ट असलेला पुण्याचा संगणक अभियंता ब्रिटनने युरोपात राहावे की नाही यावर मत देऊ शकत होता, आणि वीस वर्षे तेथे राहून कर भरणाऱ्या फ्रेंच परिचारिकेला ते देता येत नव्हते.

या विसंगतीचा सर्वांत तीव्र अनुभव गोव्याच्या माणसांना आला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज अमलाखाली, गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील दोन पिढ्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवून घेता येते. या तरतुदीचा आधार घेऊन हजारो गोवेकर पोर्तुगीज पासपोर्टवर, संघातील मुक्त संचाराच्या हक्काने, ब्रिटनमध्ये गेले. स्विंडन आणि लंडनचे साउथॉल येथे त्यांची मोठी वस्ती आहे. पोर्तुगीज नागरिकत्वामुळे त्यांचे भारतीय नागरिकत्व संपले होते आणि त्याबरोबर राष्ट्रकुलाच्या नागरिकाचा मताधिकारही. शेजारच्या घरातील भारतीय नागरिक त्यांच्या भवितव्यावर मत देत असताना ते स्वतः मात्र मतदान केंद्राबाहेर राहिले. पुढे ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून त्यांना वास्तव्याचा दर्जा सिद्ध करावा लागला, आणि गोव्यातून पोर्तुगालमार्गे ब्रिटनला जाऊन स्थायिक होण्याची वाट नव्या लोकांसाठी बंद झाली. एका राष्ट्राने अधिकार परत घेतला तेव्हा काही माणसांचा अधिकार गेला, ही गोष्ट नोंदवल्याशिवाय या वादाचा ताळेबंद पुरा होत नाही.

सार्वमताच्या बांधणीतही उणीव होती. ते कायद्याने सल्लादर्शक होते, पण सरकारने आधीच ते बंधनकारक मानण्याचे वचन दिले होते. किमान बहुमताची कोणतीही अट नव्हती. १९७९ मध्ये स्कॉटलंडला स्वतंत्र विधिमंडळ देण्याबाबत सार्वमत झाले तेव्हा एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा पाठिंबा आवश्यक ठरवला होता आणि ५१.६ टक्के मते अनुकूल पडूनही तो प्रस्ताव त्या अटीमुळे बारगळला होता. २०१६ मध्ये बाहेर पडण्याला एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे ३७ टक्क्यांचा पाठिंबा होता. याचा अर्थ कौल बेकायदा होता असा नाही. नियम आधी ठरले होते आणि दोन्ही बाजूंनी ते मानले होते. परंतु पिढ्यान् पिढ्यांवर परिणाम करणाऱ्या निर्णयासाठी ते नियम विचारपूर्वक ठरवले गेले नव्हते.

७. संसदेपुढे आलेला खरा प्रश्न

मतदानानंतर असे दिसून आले की, बाहेर पडणे या एका शब्दाखाली परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक योजना होत्या. नॉर्वेप्रमाणे संघाबाहेर राहून एकल बाजारपेठेत राहता आले असते, तुर्कस्तानाप्रमाणे केवळ सीमाशुल्क संघ स्वीकारता आला असता, कॅनडाप्रमाणे व्यापारी करार करता आला असता किंवा कोणत्याही कराराविना निघून जाता आले असते. यांपैकी कशाला कौल मिळाला, हे मतपत्रिकेवरून कळण्याचा मार्ग नव्हता. कॅमेरन यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या तेरेसा मे यांनी जानेवारी २०१७ मध्ये बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ दोन्ही सोडण्याची भूमिका घेतली आणि २९ मार्च २०१७ रोजी संघाच्या करारातील कलम ५० नुसार, म्हणजे बाहेर पडण्यासाठी दोन वर्षांची मुदत सुरू करणाऱ्या तरतुदीनुसार, नोटीस दिली. दिशा ठरण्याआधीच घड्याळ सुरू झाले.

१५ जानेवारी २०१९ रोजी त्यांचा करार हाउस ऑफ कॉमन्समध्ये २०२ विरुद्ध ४३२ मतांनी फेटाळला गेला. आधुनिक काळात कोणत्याही ब्रिटिश सरकारचा एवढा मोठा पराभव झाला नव्हता. मार्चमध्ये तो आणखी दोनदा हरला. २७ मार्च रोजी सदस्यांनी स्वतःहून आठ पर्याय मतास टाकले आणि आठही नामंजूर झाले. १ एप्रिलला सीमाशुल्क संघात राहण्याचा ठराव अवघ्या तीन मतांनी पडला. या दृश्याची बाहेर खिल्ली उडवली गेली. वास्तविक जी तुलना मतदारांपुढे तीन वर्षांपूर्वी व्हायला हवी होती ती संसद प्रथमच जाहीरपणे करत होती, आणि कोणत्याही एका योजनेमागे बहुमत नाही हे सत्य प्रामाणिकपणे नोंदवत होती.

या पेचाचे केंद्र आयर्लंड हे होते. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडचे प्रजासत्ताक यांच्यामधील सीमा सुमारे ५०० किलोमीटरची असून तिला ओलांडणारे दोनशेहून अधिक रस्ते आहेत. काही शेते तिच्यावर पसरलेली आहेत, आणि एका बाजूला काढलेले दूध प्रक्रियेसाठी दुसऱ्या बाजूला जाते. तीन दशकांच्या हिंसाचारात सुमारे साडेतीन हजार माणसे मेल्यानंतर १० एप्रिल १९९८ रोजी झालेल्या गुड फ्रायडे करारामुळे तेथे शांतता आली, सैन्याच्या चौक्या निघाल्या, आणि दोन्ही देश एकाच बाजारपेठेत असल्यामुळे जकातनाक्यांचीही गरज उरली नाही. आता सरकारने तीन वचने दिली होती : बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ सोडणे, आयर्लंड बेटावर सीमातपासणी न आणणे, आणि उत्तर आयर्लंड व उर्वरित ब्रिटन यांच्यामध्येही तपासणी न ठेवणे. यांतील कोणतीही दोन पाळता येतात, तिन्ही एकदम पाळता येत नाहीत. मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी तिसरे वचन सोडले, मालाची तपासणी समुद्रावर नेली आणि त्याच्या बळावर डिसेंबर २०१९ ची निवडणूक ८० जागांच्या बहुमताने जिंकून देशाला बाहेर काढले. त्यामुळे ब्रिटनशी निष्ठा असलेल्या उत्तर आयर्लंडमधील पक्षाने फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे तेथील सरकारात बसण्यास नकार दिला. ब्रिटन आणि संघ यांच्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरलेल्या विंडसर आराखड्याने तपासणी सौम्य केली, पण संपवली नाही. हिशोबाच्या भाषेत सीमा म्हणजे खर्च आणि अधिकाराच्या भाषेत सीमा म्हणजे स्वत्व. आयर्लंडमध्ये ती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होती, आणि म्हणूनच मुख्य ब्रिटनमधील प्रचारात तिच्याकडे जवळजवळ कोणीच पाहिले नाही.

८. परिणामांचे मोजमाप

२४ डिसेंबर २०२० रोजी झालेल्या व्यापार आणि सहकार्य कराराने मालावरील जकात टळली, पण सीमेवरची कागदपत्रे, माल कोठे बनला याचे पुरावे आणि अन्नपदार्थांची आरोग्य प्रमाणपत्रे आली. सरकारी अर्थसंकल्पाचे स्वतंत्र मूल्यमापन करणाऱ्या कार्यालयाचा अंदाज असा की, दीर्घकाळात देशाची उत्पादकता संघात राहिल्यास जेवढी असती त्यापेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. प्रचारात सांगितलेला तात्काळ कोसळण्याचा प्रसंग आला नाही आणि समृद्धीची लाटही आली नाही. युरोपातून येणाऱ्यांची संख्या घटली. भारत, नायजेरिया आणि इतर देशांतून येणाऱ्यांची वाढली, आणि जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या वर गेले. अधिकार खरोखर परत आला होता, कारण हे व्हिसा लंडनमधील सरकारनेच दिले होते. तो कसा वापरला जाईल याबद्दल मात्र मतदारांनी वेगळी कल्पना केली होती. स्वतंत्र व्यापारनीतीही प्रत्यक्षात आली, आणि तिचे एक ठळक फळ म्हणजे २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झालेला सर्वंकष व्यापार करार. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. तो शेजारच्या मोठ्या बाजारपेठेतील अडथळ्यांची भरपाई करू शकेल असे मानण्यासही आधार नाही.

९. कौल घेण्याची रीत

मराठी वाचकांना सार्वमताचे एक जवळचे उदाहरण ठाऊक आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल घेण्यात आला. त्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला होता आणि मतदान नि:पक्षपाती व्हावे म्हणून दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला होता. विलीनीकरणासाठी फूल आणि स्वतंत्र अस्तित्वासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. वाद अत्यंत कडवा झाला; विलीनीकरणाची बाजू ‘गोमन्तक’ने आणि विरोधी बाजू ‘राष्ट्रमत’ने लढवली, आणि ही दोन्ही दैनिके मराठीच होती. १,७२,१९१ मते केंद्रशासित राहण्याला आणि १,३८,१७० मते विलीनीकरणाला मिळाली. पराभूत बाजूचे दुःख मोठे होते, पण निकालाचा अर्थ काय यावर दुसऱ्या दिवशी वाद उरला नाही, कारण दोन्ही पर्याय प्रत्यक्षात असलेल्या व्यवस्थांचे होते : महाराष्ट्र राज्य कसे चालते आणि केंद्रशासित गोवा कसा चालतो, हे मतदार दोन्ही बाजूंनी पाहू शकत होता. ब्रिटनच्या मतदारापुढे एका बाजूला चालू व्यवस्था आणि दुसऱ्या बाजूला केवळ तिचा नकार होता. नकाराला दोष नसतात, कारण त्याला तपशील नसतो.

यावरून सार्वजनिक वादासाठी तीन अटी निष्पन्न होतात. पहिली, बाहेर पडण्याची मागणी करणाऱ्याने कोठे जायचे ते मतदानापूर्वी लिहून द्यावे, आणि ते शक्य नसेल तर वाटाघाटींनंतर तयार होणाऱ्या करारावर दुसरे मतदान सुरुवातीपासूनच योजनेत असावे. दुसरी, राहण्याची मागणी करणाऱ्याने केवळ नुकसानीचा आकडा न सांगता, सामायिक सत्तेत सामान्य नागरिकाचा शब्द कोठे आणि कसा पोहोचतो हे दाखवावे. ते दाखवता येत नसेल तर ती व्यवस्था आधी सुधारावी. तिसरी, निर्णयाची सर्वाधिक झळ ज्यांना बसणार, मग ते सीमेवरचे शेतकरी असोत, पोलाद कारखान्यातले कामगार असोत की परक्या पासपोर्टवर राबणारे गोवेकर असोत, त्यांची स्थिती वादाच्या मध्यभागी आणावी.

राष्ट्राला एखाद्या संघातून बाहेर पडण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क असल्यामुळेच संघ हा स्वेच्छेचा करार राहतो. परंतु लोकांच्या नावाने घेतलेला निर्णय लोकांचा ठरण्यासाठी केवळ मतमोजणी पुरेशी नाही. कशाच्या बदल्यात काय मिळणार आणि ते कोण ठरवणार, या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र ऐकण्याची संधी मतदाराला आधी मिळाली पाहिजे. ती मिळवून देणे हे नेत्यांचे काम आहे तसेच वृत्तपत्रांचे, विद्यापीठांचे आणि अशा व्यासपीठांचेही आहे, आणि त्यात कसूर झाली तर तिची किंमत निकाल जिंकणाऱ्यांना आणि हरणाऱ्यांना सारखीच मोजावी लागते.